सफेद गल्लीचे पाहुणे

मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात उभं राहिलं की समोर एक भारदस्त दगडी इमारत दिसते. दर्शनी त्रिकोणात नेपच्यून हा समुद्रदेव कोरलेला आहे. आज इथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे आणि पोलीस महासंचालक इथेच बसतात. समुद्रदेवाचा पोलिसांशी काय संबंध, असा प्रश्न पडावा. ही इमारत मुळात पोलिसांसाठी बांधलेलीच नाही. हे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे परदेशी बोटींवरच्या खलाशांची धर्मशाळा. १८७० साली व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ एडिंबराच्या, हस्ते पायाभरणी झाली आणि १८७६ मध्ये काम पुरं झालं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. उद्देश धार्मिक म्हणावा इतका सरळ होता. महिनोन्महिने पाण्यावर काढून आलेल्या गोऱ्या खलाशाला स्वच्छ खाट आणि गरम जेवण मिळालं, तर तो दारूच्या गुत्त्याकडे आणि त्यापुढच्या गल्ल्यांकडे वळणार नाही, अशी आशा.

खलाशी खाटेवर झोपले आणि गल्ल्यांकडेही गेले. मुंबईच्या रस्त्यावरचा धंदा आणि बाहेरदेशचे पाहुणे यांची गोष्ट इथून पुढे दीडशे वर्षांची आहे. पाहुणा प्रत्येक पिढीत वेगळा आला: कधी गिऱ्हाईक म्हणून, कधी खुद्द बाई म्हणून, कधी कॅमेरा घेऊन, तर कधी सोडवणूक करायला. तो आला की सरकार जागं होतं. आपल्या मुलखातून तिथे जाऊन पडलेल्या बाईसाठी मात्र ते क्वचितच जागं झालं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बसून ही गोष्ट लिहिण्याचं कारण तेच. त्या गल्ल्यांमधल्या बायकांचा एक मोठा ओघ आपल्याच भागातून गेला.

सगळी हवा बदलली ती सुएझ कालव्याने. १७ नोव्हेंबर १८६९ ला तो खुला झाला आणि युरोपातून मुंबईला येताना आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. मुंबई हे हिंदुस्थानचं पहिलं दार झालं. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक अशा एकापाठोपाठ एक गोद्या उभ्या राहिल्या. शिडाच्या जहाजांच्या जागी आगबोटी आल्या, फेऱ्या वाढल्या आणि खलाशांची संख्याही वाढली.

सरकारला चिंता होती ती गरमी-परम्याची. इंग्रज सैन्यात या रोगांनी शिपाई इतके आजारी पडत की पलटणीची पलटण लंगडी व्हावी. म्हणून १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी छावण्यांमधल्या बायकांची नोंद आणि तपासणी सुरू झाली. 'लाल बाजार' हे नाव त्याच छावण्यांमधलं. १८६८ मध्ये हीच पद्धत मोठ्या शहरांसाठी आणणारा सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. बाईने पोलिसांकडे नाव नोंदवायचं, ठराविक दिवशी डॉक्टरपुढे उभं राहायचं आणि रोग आढळला तर लॉक हॉस्पिटलात बंद व्हायचं. तिच्याकडे आलेल्या पुरुषाला कोणी तपासायचं, हा प्रश्न कायद्यात नव्हताच.

बायकांनी या कायद्याला दिलेलं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी मोर्चा काढला नाही की अर्ज केला नाही. त्या सरळ दिसेनाशा झाल्या. कोणी वस्ती बदलली, कोणी आपण धंदा करतच नाही म्हणून सांगितलं, कोणी कुणाची तरी बायको झाली. नोंदवही रिकामी राहिली आणि खर्च मात्र वाढत गेला. खर्च कोणी सोसायचा यावरून सरकार आणि नगरपालिका भांडू लागले आणि १८७२ मध्ये कायदा गुंडाळावा लागला. १८८० मध्ये तो पुन्हा आणला. तोवर इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अशाच कायद्यांविरुद्ध रान उठवलं होतं. १८८६ मध्ये ते तिकडे रद्द झाले आणि १८८८ मध्ये इकडेही. म्हणजे मुंबईतल्या बाईची डॉक्टरी तपासणीतून सुटका झाली, तीही लंडनमधल्या बाईच्या पाठोपाठ.

कालव्यातून खलाशांबरोबर आणखी एक प्रवासी आला, तो म्हणजे गोरी बाई. पूर्व युरोपातल्या दारिद्र्यातून आणि ज्यूंच्या छळातून बाहेर पडलेल्या, फसवून आणलेल्या किंवा डोळसपणे निघालेल्या बायका पोर्ट सैद, अलेक्झांड्रियामार्गे मुंबईत उतरत. काही इथे राहत, काही पुढे कोलंबो, कलकत्ता, सिंगापूर, शांघाय असा फेरा करत. पोलंड, रशिया, ऑस्ट्रिया, रुमानिया असे त्यांचे देश. काही जपानी बायकाही होत्या. कामाठीपुऱ्याच्या कडेला कर्सेटजी सुखलाजी स्ट्रीट आहे. तिथे या गोऱ्या बायकांची घरं झाली आणि लोकांनी रस्त्याचं खरं नाव बाजूला ठेवून त्याला सफेद गल्ली म्हणायला सुरुवात केली.

कामाठीपुऱ्याचा स्वतःचा इतिहास याहून जुना आणि साधा. हॉर्नबी वेलार्डचा बांध घातल्यावर भरतीचं पाणी अडलं, आतली दलदल हळूहळू वस्तीजोगी झाली. तिथे निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू बोलणाऱ्या कामाठी मजुरांनी बिऱ्हाडं मांडली. त्यांनी शहराचे रस्ते आणि इमारती बांधल्या. त्यांच्या नावाची वस्ती देशभर दुसऱ्याच कारणासाठी ओळखली गेली. आजही तिथे कामाठी कुटुंबं राहतात आणि पत्ता सांगताना अवघडतात.

सफेद गल्लीबाबत मुंबई पोलिसांचं धोरण होतं, आणि ते वाचताना हसावं की रडावं कळत नाही. युरोपीय बाई धंद्याला बसली तर चालेल, पण इंग्रज बाई बसता कामा नये. एखादी इंग्रज बाई आढळलीच तर तिला समजावून किंवा दबाव आणून मायदेशी जाणाऱ्या बोटीवर बसवलं जाई. कारण उघड आहे. राज्यकर्त्यांच्या जातीची बाई काळ्या गिऱ्हाइकापुढे उभी राहिली तर राज्याचा दरारा काय राहणार? पोलिश किंवा रुमानियन बाईची तशी अडचण नव्हती. उलट गोऱ्या खलाशाने आणि शिपायाने देशी बाईकडे जाण्यापेक्षा गोऱ्या बाईकडे गेलेलं बरं, असा हिशेब होता. म्हणून ही घरं एका ठरलेल्या भागात ठेवायची, प्रत्येक घराची एक मालकीण असायची आणि पोलिसांनी काही विचारलं तर उत्तर तिने द्यायचं. दलाल फारच माजला तर परदेशी माणसांविषयीच्या कायद्याखाली त्याला हद्दपार करायचं. चातुर्वर्ण्य आपल्याकडचं म्हणून आपण लाजतो. पण वेश्यावस्तीतही वर्ण लावण्याचं काम साहेबाने मोठ्या निगुतीने केलं होतं.

या उतरंडीत सगळ्यात खाली होती देशी बाई. तिची गल्ली वेगळी, दर वेगळा, खोली अरुंद. ती कुठून येत होती? मुंबईच्या आसपासच्या जिल्ह्यांतून, कोकणातून, गोव्यातून, आणि मोठ्या संख्येने दख्खनच्या दक्षिण टोकातून, म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर, धारवाड या पट्ट्यातून. तिथे सौंदत्तीची यल्लम्मा आहे. केसांत जट आली, घरात मुलगा नाही, रोग हटत नाही, अशा कारणांनी मुलगी देवीला सोडायची, गळ्यात मोती बांधायचा. मग तिचं लग्न होत नाही. ती जोगवा मागते आणि वयात आली की कुणीतरी तिला ठेवतो किंवा ती शहरात पाठवली जाते. सोडल्या जाणाऱ्या मुली बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या असत, हे इथे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलंच पाहिजे. कोल्हापुरात आजही सौंदत्तीहून यात्रेकरू परतले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या, म्हणजे याच यल्लम्माच्या, देवळात आंबील यात्रा भरते. घुगऱ्या, आंबील, वांग्याची भाजी, वडी-भाकरी असा नैवेद्य असतो. अर्धं शहर तिथे लोटतं. ती यात्रा गोड आहे आणि मी तिच्यावर रुसलेलो नाही. पण त्याच देवीच्या नावाने सोडलेल्या मुली मुंबईच्या गाडीत बसवल्या गेल्या, हेही खरंच आहे.

गाडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली. मिरजेहून पुणे आणि पुण्याहून मुंबई असा रस्ता खुला झाला. गूळ गेला, कातडी चप्पल गेली, पैलवान गेले, नाटक कंपन्या गेल्या आणि बायकाही गेल्या.

शाहू महाराजांना हे दिसत होतं. १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेला बंदी करणारा कायदा त्यांनी केला. मुंबई इलाख्यात असा कायदा यायला १९३४ साल उजाडलं, कर्नाटकात १९८२ आणि महाराष्ट्र राज्याचा नवा कायदा तर २००५ चा. शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये झालं. खेतवाडीपासून कामाठीपुरा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्याआधी पाच वर्षं, १९१७ मध्ये, याच भागात डंकन रोडवर एका कुंटणखान्यात एका तरुण बाईचा छळ करून खून झाला. इंग्रजी कागदांत तिचं नाव आकूताई असं लागलं आहे. तिने पळून जायचा प्रयत्न केला होता आणि त्याची शिक्षा म्हणून तिला चटके देऊन, मारहाण करून संपवलं गेलं. खटला चालला तेव्हा शहराला पहिल्यांदा आत काय चालतं याचा तपशील कळला: बाईच्या अंगावर कर्ज चढवलेलं, कर्ज फिटेपर्यंत ती बाहेर पडू शकत नाही, दारं-खिडक्यांना गज आणि पोलिसांची गस्त बाहेरच्या रस्त्यावरून शांतपणे जाते. वर्तमानपत्रांत ओरड झाली, सरकारने समिती नेमली आणि १९२३ मध्ये मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. दलालीवर आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्यावर त्याने बोट ठेवलं. आता इथे एक योगायोग पाहा. आकूताईचा खून १९१७ चा आणि बायका-मुलांच्या व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९२१ चा. कायदा आकूताईमुळे झाला की राष्ट्रसंघापुढे ब्रिटिश सरकारला तोंड दाखवायचं होतं म्हणून, याचा निवाडा वाचकाने करावा. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण पुढे कारवाईचा खरा जोर दिसला तो सफेद गल्लीवर. पासपोर्टचे नियम कडक झाले, राष्ट्रसंघाच्या पूर्वेकडच्या चौकशी आयोगाने १९३० नंतर आशियातल्या बंदरांची पाहणी केली आणि गोऱ्या बायकांची घरं उठत गेली. देशी घरं जागेवरच राहिली.

स्वातंत्र्यानंतर सफेद गल्ली हे फक्त नाव उरलं. पण परदेशी बाई गल्लीतून गेली नाही, तिचा देश बदलला. १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतर सीमा दोन्हीकडच्यांना मोकळी होती. डोंगरातल्या खेड्यांतून, नोकरीच्या किंवा लग्नाच्या थापा देऊन, नेपाळी मुली कामाठीपुऱ्यात आणल्या जाऊ लागल्या. नंतर बांगलादेशी मुली आल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतल्यावर पोलिसांनी मोठे छापे घातले आणि चारशेहून जास्त मुली-बायका बाहेर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच नेपाळच्या होत्या. त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकारने चालढकल केली. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभरावर मुलींना काठमांडूला नेलं. पोलिश बाईला पुढच्या बंदराचं तिकीट काढता येत होतं. नेपाळी मुलीला घरही परत मिळेना.

गिऱ्हाईक म्हणून येणारा परदेशी पाहुणा मात्र कमी होत गेला. मालवाहू जहाजांवर माणसं घटली, कंटेनर आले आणि बोट बंदरात आठवडाभर पडून राहण्याचे दिवस संपले. गोव्यात हे चित्र थोडं उशिरापर्यंत टिकलं. मुरगाव बंदरातून लोहखनिज जात होतं आणि बोटी येत होत्या. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर वस्ती वाढली, तीही बव्हंशी कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या बायकांची. न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन जून २००४ मध्ये, ऐन पावसात, सरकारने तिथल्या खोल्या बुलडोझरने पाडल्या. पुनर्वसन नंतर बघू, असा एकूण मामला होता. बायका गेल्या कुठे? काही गावी, काही गोव्यातच इतरत्र, जिथे संस्थांचे कार्यकर्ते आणि डॉक्टर पोचू शकत नव्हते.

खलाशी गेला आणि कॅमेरा आला. १९७८ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क कामाठीपुऱ्यालगतच्या फॉकलंड रोडवर आली. या रस्त्याचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग, म्हणजे लावणीच्या एका मोठ्या शाहिराचं. सुरुवातीला बायकांनी तिच्यावर कचरा आणि पाणी फेकलं. ती रोज येत राहिली, मग एकेकीने तिला आत घेतलं. १९८१ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि रस्त्यालगतच्या गजांआडच्या त्या खोल्या, ज्यांना मुंबईकर पिंजरे म्हणत, जगभर पोचल्या. त्यानंतर त्या दिशेने परदेशी पावलं वाढली: पत्रकार, संशोधक, माहितीपट काढणारे. लेखक व्ही. एस. नायपॉल कवी नामदेव ढसाळांना भेटायला आले आणि १९९० च्या पुस्तकात त्यांच्यावर लिहून गेले.

पण नायपॉलना परकं म्हणताना आपण जपून बोलावं. ढसाळांचा या वस्तीवरचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला, तेव्हा त्याची प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकरांनी ढसाळांना ती वस्ती दाखवायला सांगितली, शब्दांचे अर्थ विचारून घेतले. मराठीतला सर्वांत धीट नाटककार स्वतःच्याच शहरात, स्वतःच्याच भाषेत, वाटाड्या घेऊन फिरला. मराठी मध्यमवर्ग कामाठीपुऱ्यात नेहमी परदेशी पाहुणाच राहिला आहे, आणि तेंडुलकरांनी निदान ते लपवलं नाही.

यानंतरचा पाहुणा, सोडवणूक करणारा, आपल्या दाराशी आला, तोही सांगलीत. पण त्याआधी रोगाची गोष्ट. १९८६ मध्ये मद्रासला वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हा हा रोग परदेशी लोक आणतात अशी समजूत होती आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या सक्तीने तपासण्या झाल्या. मग बोट वळलं बायकांकडे. १८७० ची भाषा शंभर वर्षांनी पुन्हा ऐकू येऊ लागली: त्यांना तपासा, वेगळं ठेवा. सांगलीत १९९२ मध्ये मीना सेषू यांनी संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे संग्राम, उभी केली आणि वेगळी वाट धरली. निरोध वाटायचे, पण ते बायकांनी बायकांना. गिऱ्हाइकाला कसं पटवायचं हे बाहेरच्या ताईपेक्षा गोकुळनगर या तिथल्या वस्तीतल्या घरवालीला जास्त कळतं, हा साधा हिशेब होता. १९९६ मध्ये या बायकांनी स्वतःची संघटना केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिचं काम सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा असं पसरलं. यांतल्या कित्येकजणी देवीला सोडलेल्या. 'मालक' हा त्यांचा शब्द ऐकून नवखा माणूस फसतो. तो धंद्याचा मालक नव्हे, तो तिचा कायमचा जोडीदार. ती त्याला पोसते, बऱ्याचदा तिच्या मुलांना त्याचं नाव लागतं, कधी तो मारतो आणि ती त्याच्यासाठी उपासही धरते.

अशा वस्तीत २००५ मध्ये अमेरिकेचे दोन हात एकदम पोचले. २००३ च्या अमेरिकन कायद्याने अट घातली होती की एड्सविरोधी कामासाठी आमचा पैसा हवा असेल, तर वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे असं धोरण जाहीर करा. संग्रामने तो पैसा नाकारला. ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांच्याविरुद्ध सही करून कसं चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. २००५ च्याच मे महिन्यात अमेरिकेतल्या एका धार्मिक विचाराच्या संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी गोकुळनगरात छापा घातला. अल्पवयीन मुली असल्याची माहिती हे कारण सांगितलं गेलं. प्रौढ बायकाही उचलल्या गेल्या. परिषदेच्या बायकांचं म्हणणं असं की अल्पवयीन मुलगी धंद्यात आली तर तिला परत पाठवायचं काम आम्हीच करतो, पण छाप्याआधी आम्हाला कोणी विचारलं नाही. वाचवायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला वाचवा, हे त्यांचं वाक्य पुढे जगभरच्या परिषदांमध्ये गाजलं.

या वादात दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या आहेत असं म्हणून मी हात झटकणार नाही. फसवून आणलेली चौदा वर्षांची मुलगी बाहेर काढलीच पाहिजे, त्यात पुन्हा पुन्हा विचारण्यासारखं काही नाही. पण चाळीशीच्या बाईला गाडीत कोंबून सुधारगृहात टाकणं ही सोडवणूक नव्हे. सांगलीतल्या त्या छाप्यात हा फरक करायला कोणी थांबलं नाही. अमेरिकेतली अटच पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३ मध्ये अमेरिकन संस्थांना तिच्यातून सूट मिळाली. परदेशी संस्थांना ती सूट नाही, असं त्याच न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

आपल्याकडे वेश्याव्यवसायाविषयीचा १९५६ चा कायदा आजही चालू आहे. तोही न्यूयॉर्कला १९५० मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केल्यामुळे आला आणि १९८६ मध्ये त्यात दुरुस्त्या होऊन त्याचं नाव बदललं. त्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, देऊळ-शाळा-इस्पितळासारख्या ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत धंदा करणं आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की छाप्यात सज्ञान बाईला अटक, दंड किंवा त्रास होऊ नये, तिच्या तक्रारीची इतर नागरिकांसारखीच दखल घ्यावी, आणि तिचा चेहरा वर्तमानपत्रात किंवा पडद्यावर दाखवू नये. कलम ८ मात्र जसंच्या तसं आहे. त्यानुसार रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कैद जास्तीत जास्त तीन महिने.